तीनची लढाई

घरी व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसांचे फोटो काढून द्या, असं मासिकाने सांगितलं, तेव्हा फोटोग्राफरच्या डोळ्यांसमोर विशीतली पोरं आली होती. दार उघडलं ते सत्तरीला टेकलेल्या बाईंनी. निवृत्त नर्स. चपला बाहेर काढायला लावून त्यांनी बजावलं, की तीनला लढाई आहे, त्याआधी काय ते आटपा.

फोटोग्राफरचे दिवस बरे नव्हते. स्टुडिओ बंद पडला होता, बायको बहिणीकडे गेली ती परतली नव्हती. निदान हे काम तरी धड व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

खोलीच्या एकुलत्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसायची. त्याने पांढरी छत्री लावून दिवा उभा केला, तर बाईंच्या चष्म्यात दोन छत्र्या दिसू लागल्या. जागा बदलून पाहिली, छत्र्या हटेनात. तोवर तीन वाजले, लढाई सुरू झाली. त्याने चाचरत चष्मा काढायची विनंती केली. त्यांनी काढला आणि पडद्यावरचा त्यांचा चिलखतवाला योद्धा सरळ दलदलीत शिरला. स्पीकरमधून सोबत्यांचे आवाज आले. काका, डावीकडे वळा. काका, कुठे निघालात? बाई बोलत नव्हत्या, डोळे बारीक करून उत्तरं टाइप करत होत्या. बाईंना काका का म्हणतात, हे विचारायचं फोटोग्राफरने टाळलं. त्याला चेहऱ्यावर उजेड कमी वाटत होता. कॉम्प्युटरचा प्लग होता त्याच बोर्डावर त्याने दुसरा दिवा लावला आणि घरभराची वीज गेली.

फ्यूज चपलांच्या कपाटामागे होता. कपाट ओढा, स्टूल आणा, असं करत फ्यूज बसला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, तर पडदा राखाडी झाला होता. दलदलीत नुसत्या उभ्या राहिलेल्या योद्ध्याला अस्वलाने मारलं होतं.

"पुन्हा सुरू करता येईल ना?" त्याने विचारलं.

"या खेळात मेलेला परत येत नाही." बाईंनी चष्मा चढवून घड्याळ पाहिलं. "तीन वाजून नऊ मिनिटं."

फोटोग्राफरला कुठे तोंड लपवावं कळेना. स्पीकरमधून हाका चालूच होत्या. बाईंनी माइकचं बटण शोधून दाबलं.

"काका गेले."

"आम्ही पाहिलं ना. अस्वलाने..."

"तसं नाही. दोन वर्षांपूर्वी. झोपेतच. मी काकू बोलतेय."

कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं. राखाडी पडद्यावर एकेका योद्ध्याने ढाल खाली ठेवली. मग टोळीचा म्होरक्या, कुठल्याशा शहरातला दातांचा डॉक्टर, हलक्या आवाजात म्हणाला, "मग दोन वर्षं आमच्याबरोबर कोण लढत होतं?"

"मीच. मला हा खेळ मुळीच आवडत नाही. पण तुम्ही रोज विचारायचात, काका जेवलात का. कुणीतरी उत्तर द्यायला हवं ना."

"काकू, राग मानू नका," डॉक्टर म्हणाला, "पण तुम्ही काकांपेक्षा बऱ्या लढता."

बाई पहिल्यांदाच हसल्या, आणि हसताहसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. फोटोग्राफरचा कॅमेरा त्या वेळी स्टुलावर पडून होता.

डॉक्टरने भीतभीत सांगितलं, की एक माणूस कमी पडला तर किल्ला जाईल. आपण आता सुटलो, असं बाईंनी सांगून टाकलं. मग त्यांनी खुर्ची फोटोग्राफरकडे ढकलली.

"मारलंत तुम्ही. बसा आता."

त्याला नाही म्हणायचं तोंड नव्हतं. नवा योद्धा घेऊन तो लढाईत उतरला आणि चार मिनिटांत विहिरीत पडून मेला. दुसरा घेतला, तो आपल्याच सोबत्याचा बाण लागून गेला. वेळ जावा म्हणून बाईंनी कॅमेऱ्याचं बटण कुठलं ते विचारून घेतलं होतं.

महिन्याभराने मासिकाच्या संपादिकेने त्याने आणलेले बारा फोटो टेबलावर मांडले. अकरा बाजूला सारून एक जवळ ओढला.

"काय दुःख आहे हो या माणसाच्या चेहऱ्यावर! चेहरा अर्धा अंधारात आहे म्हणून तुमच्यासारखाच वाटतो जरा. कोण हा?"

फोटोग्राफरने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि पिशवी उचलली.

"आहे एक. रोज तीनला खेळतो."