दहापैकी आठ

प्रश्न विचारण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात नाही, असं मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत मानत होतो. माझा धंदाच तो! देशाची अर्थव्यवस्था आणि समाज यांचा अभ्यास करून सरकारला धोरणं सुचवणाऱ्या एका संस्थेत मी संशोधक आहे. लोक काय खातात, कशावर खर्च करतात, मुलींना कुठवर शिकवतात, हे आम्ही घरोघर जाऊन विचारतो, त्याची सरासरी काढतो आणि दिल्लीला पाठवतो. दिल्लीत त्याचं पुढं काय होतं, हे मात्र आम्ही कधी विचारलेलं नाही.

त्या वेळचा विषय भारदस्त होता: सामाजिक विश्वास. माणसांचा एकमेकांवर विश्वास असला की व्यापार वाढतो, बचत गट टिकतात, भांडणं कोर्टात जात नाहीत, असं मोठमोठे लोक म्हणतात. तेव्हा हा विश्वास देशात नेमका किती शिल्लक आहे, ते मोजायचं होतं.

"मोजायचा कसा?" आमच्या प्रमुख क्रांती मॅडमनी बैठकीत विचारलं.

"दहापैकी गुण द्यायला सांगायचे," मी म्हणालो. "गुण सगळ्यांना कळतात."

"आणि पहिली चाचणी?"

"माझ्याच गल्लीत घेतो. तिथं मी घरचा माणूस आहे."

यातलं शेवटचं वाक्य त्या दिवशी तरी खरं होतं.

मी मूळचा गारगोटीचा. नोकरीसाठी उचगावात तानाबाईंच्या माडीवर भाड्यानं राहतो. राहायला आलो त्या दिवशी त्या मला "पावणं" म्हणाल्या होत्या. कोल्हापुरात अनोळखी माणसाला तसंच म्हणतात. आठवड्याभरात पावण्याचा "सर" झाला आणि सराला खालून हाक येऊ लागली, "सर, वाटी न्या."

ही वाटी समजून घेतल्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. तानाबाईंच्या शेजारी मेहमुदाभाभींचं घर. त्यांचा नवरा गाड्यांच्या सीटा शिवतो. दोन्ही घरांच्या मागच्या परड्यांत एकच भिंत आहे आणि तिच्या वरच्या काही विटा कधीतरी पडल्या, त्या कुणी परत बसवल्या नाहीत. त्या खिंडीतून दिवसभर वाट्यांची ये-जा चालायची. इकडून आमटी गेली की तिकडून त्याच वाटीत खिमा यायचा. रिकामी वाटी परत करायची पद्धत आमच्याकडं नाही. लग्नात भांड्यांवर नावं घालून घेतात ना, ती इथं नुसती नावालाच. मेहमुदाभाभींच्या घरात तानाबाईंच्या नावाची ताटं आणि तानाबाईंच्या घरात मेहमुदाच्या नावाचे पेले, असा कारभार. फिरून फिरून उरलेली वाटी माझ्या माडीवर मुक्कामाला यायची.

दर उन्हाळ्यात दोघी मिळून वर्षाची चटणी करायच्या. मिरची तानाबाईंनी निवडायची, मसाला मेहमुदाभाभींनी भाजायचा आणि दोघींनी मिळून डंकावर जाऊन ती कुटून आणायची. त्या चटणीवर दोन घरं आणि एक संशोधक वर्षभर जेवत असे.

तर मी टॅब घेऊन खाली गेलो तेव्हा परड्यात याच चटणीची तयारी चालू होती. समोरासमोर बसून दोघी मिरच्यांची देठं काढत होत्या. मुलाखत एकांतात घ्यावी, असा आमचा कडक नियम आहे.

"भाभी, जरा पलीकडं जाता का? तानाबाईंना काही विचारायचं आहे."

"का ओ? मी काय परकी हाय?"

"बसू दे की तिला," तानाबाई म्हणाल्या. "तिच्यापासनं काय लपवायचं हाय?"

मलाही ते पटलं. एवढ्या मोठ्या देशाच्या अभ्यासात एका मेहमुदाभाभींनी काय बिघडणार होतं!

"दूधवाल्या ज्ञानूवर तुमचा विश्वास किती? दहापैकी सांगा."

"द्या की दहा."

"अहो, तो पाणी घालतो असं तुम्हीच म्हणता."

"घालतोय की. रोज घालतोय. द्या दहा, आपल्या बाचं काय जातंय?"

बँकेला दहा, पंचायतीला दहा, वीज कंपनीला दहा. इतका भरभरून विश्वास मी आजवर कुठं पाहिला नव्हता. दिल्लीकरांच्या डोळ्यांत पाणी येईल असं वाटू लागलं.

"आणि शेजारच्या घरावर?"

तानाबाईंचा हात थांबला. त्यांनी मेहमुदाभाभींकडं नीट बघून घेतलं, मग नजर मिरचीवर टाकली आणि हळूच म्हणाल्या, "आठ."



"आठ?" मेहमुदाभाभी म्हणाल्या. "पाणी घालणाऱ्याला दहा आन् मला आठ? दोन कुठं गेलं, तानाक्का?"

तानाबाई देठं काढत राहिल्या. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पडलो प्रशिक्षित माणूस. उत्तर अर्धवट वाटलं की खोलात शिरायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. टॅबवर पुढचा प्रश्न उघडला होता, तो मी खणखणीत आवाजात वाचला.

"गुण कमी देण्याचं कारण सांगा. अ, पैशांचा व्यवहार. ब, चहाड्या. क, जात किंवा धर्म. ड, इतर."

त्या परड्यात आमटी आली होती, खिमा आला होता, एकमेकींची बाळंतपणं आणि दुखणी येऊन गेली होती. यातला तिसरा पर्याय कधी आलेला नव्हता. तो मी आणला, सरकारी पैशाच्या टॅबमध्ये घालून.

"तसलं काय न्हाय," तानाबाई घाईनं म्हणाल्या.

"मग कसलं हाय?"

"सांगता येत न्हाय मला."

मेहमुदाभाभी उठल्या. पदरात गोळा झालेली देठं त्यांनी झटकली आणि घरी गेल्या. टॅब पर्याय दाबल्याशिवाय पुढं सरकेना, म्हणून मी 'इतर' दाबलं.

संध्याकाळी खिंडीतून वाटी आली. घासून लख्ख केलेली आणि रिकामी. तानाबाई तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या आणि मग त्यांनीही मांडणी उतरवायला घेतली. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांत भांड्यांवरची नावं वाचायचं काम निघालं. ताटं इकडं, पेले तिकडं, झाकणं एकीकडं आणि डबे दुसरीकडं. दिवसभर नुसता खणखणाट. एका पातेल्यावर कुणाचंच नाव नव्हतं. ते भिंतीवर बेवारशी राहिलं आणि कावळे त्यात चोच घालून बघू लागले.

मग माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. आपण बिघडवलं, आपणच दुरुस्त करू! मी टॅब घेऊन मेहमुदाभाभींकडं गेलो.

"भाभी, आठ म्हणजे पहिला वर्ग. बाकीच्या ठिकाणी शेजाऱ्यांना पाचसुद्धा मिळत नाहीत."

"म्हंजे दुसऱ्यांची शेजारीण वंगाळ हाय, म्हणून मी पेढं वाटू? बसा. माझं बी लिवून घ्या. तानाक्काला चार."

"भाभी, असं नका करू."

"का? माझ्या मताला किंमत न्हाय व्हय?"

होती. माहिती देणाऱ्याच्या उत्तरात बदल करायचा नाही, हा नियम मी नेमका त्या दिवशी पाळला. चार लिहिले. भाभींचा आवाज मोठा आणि भिंतीला खिंड, त्यामुळं ते चार गुण माझ्या आधी तानाबाईंकडं पोहोचले. सकाळी उठून बघतो तो खिंड बंद! पहिली वीट कुणी ठेवली कोण जाणे, पण दोन्ही बाजूंनी विटांच्या रांगा लागल्या होत्या.

इकडं ज्ञानूला त्याचे दहा गुण कळले होते. तो छाती काढून दूध घालू लागला आणि दूध पातळ लागतंय म्हणणाऱ्या प्रत्येकाला "सर्व्हेत बघा जावा" असं सांगू लागला.

चटणीची तर माती झाली. तानाबाईंनी एकटीनं मसाला भाजायला घेतला, तो करपला आणि सगळी गल्ली दिवसभर खोकत राहिली. भाभींनी एकटीनं मिरची आणली, ती इतकी जहाल निघाली की त्यांच्या नवऱ्यानं दही-भाताचं व्रत घेतलं. मला कुणीच काही दिलं नाही. मी माडीवर ब्रेड खात होतो आणि मला फार वाईट वाटत होतं. जेवण गेलं म्हणून नव्हे. बरं, खरंच सांगतो, जेवण गेलं म्हणूनसुद्धा. पण रोज संध्याकाळी तानाबाई सवयीनं परड्यात जायच्या, विटांपाशी थांबायच्या आणि हातातली वाटी घेऊन परत फिरायच्या, ते वरून बघवत नव्हतं.

शेवटी एके दिवशी मी टॅब न घेता खाली उतरलो. तानाबाई करपलेल्या चटणीचा डबा समोर घेऊन बसल्या होत्या.

"तानाबाई, का हो आठ दिलेत?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"सर, तुमी शिकल्यालं. आपल्या माणसाला कुणी तोंडानं दहाच्या दहा म्हणतंय व्हय? दृष्ट लागती की. तान्ह्या पोराला न्हाऊ घातलं की गालाला काजळाची तीट लावत्यात का न्हाय? तसं दोन काढून ठिवलं."

"आणि ज्ञानूला दहा?"

"त्याला लागू दे की दृष्ट."

"अहो, मग हे त्यांना सांगायचं होतं."

"मी सांगणारच हुतो तिला," तानाबाई म्हणाल्या. इथल्या बाया असं 'हुतो'च म्हणतात. "तेवढ्यात तुमी ते अ, ब, क वाचलासा. त्यातलं तिसरं ऐकून तिचं तोंड एवढंसं झालं. त्याच्यावर आता काय बोलायचं?"

मी तसाच शेजारी धावलो. मेहमुदाभाभी स्वयंपाकघरात होत्या. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. तीट, काजळ, ज्ञानू, सगळं.

"येडी हाय तानाक्का," त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसून हळूच म्हणाल्या, "मला ते तिसरंच खरं वाटलं, सर. एवढी वर्सं झाली, आन् तरी वाटलं."

माझ्या सगळ्या शिक्षणात यावरचा प्रश्न नव्हता आणि उत्तरही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विटा निघाल्या. आधी पलीकडच्या, मग अलीकडच्या. फक्त सगळ्यात खालची रांग तशीच राहिली. तिला कुणी हात लावला नाही. वाटी द्यायला आता हात थोडा उंच करावा लागतो.

तोपर्यंत माझे आकडे दिल्लीला गेले होते. शहरालगतच्या गावांत दूधवाल्यावरचा विश्वास सर्वाधिक आणि शेजाऱ्यावरचा सर्वांत कमी, हा निष्कर्ष तिथं इतका आवडला की दुसरी फेरी मंजूर झाली. मी नको नको म्हणत होतो. क्रांती मॅडम म्हणाल्या, "तुम्ही घरचे आहात, तुम्हीच जा."

गेलो. दोघी परड्यात लसूण सोलत होत्या. नव्यानं, एकत्र, चटणी केली जात होती.

"या पावणं, बसा," तानाबाई म्हणाल्या.

पावणं! मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि प्रश्न वाचला. शेजारच्या घरावर विश्वास किती?

"पाच," तानाबाई म्हणाल्या आणि मेहमुदाभाभींचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"तानाक्काला तीन लिवा," भाभी म्हणाल्या. मग दोघी हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लसणाची टोपली लवंडली तरी थांबेनात. मी मात्र खाली मान घालून देशाचा सामाजिक विश्वास आणखी खाली नेत होतो.

दुसऱ्या फेरीत दिल्लीनं एक प्रश्न वाढवला होता. मी तो वाचला. "सर्वेक्षणासाठी येणाऱ्या माणसावर तुमचा विश्वास किती?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. आठ म्हणा, मनातल्या मनात मी विनवत होतो. सात म्हणा. दोन म्हणालात तरी आयुष्यभर उपकार मानीन.

"दहा," तानाबाई म्हणाल्या.

"माझं बी दहा," मेहमुदाभाभी म्हणाल्या. "लिवा की पावणं. दहाच्या दहा."

मी लिहिले. दिल्लीहून अभिनंदनाचा निरोप आला. कुठल्याही सर्वेक्षकाला एवढे गुण कुठंच मिळाले नव्हते म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानू दूध घालायला माडीवर आला. त्याच्याही कानावर गेलं होतं.

"सर," त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "गल्लीत दहावालं आपुन दोघंच."

मी मुकाट्यानं पातेलं पुढं केलं. दूध नेहमीसारखंच पातळ होतं. खालून नव्या चटणीचा वास येत होता, वाटीसाठी हाक काही आली नाही.