माशांना आवाज सोसत नाही

प्रथम वर्षाच्या मुलांना कॉलेजात वाचायचं कसं, लिहायचं कसं आणि मुख्य म्हणजे स्वतःचं डोकं चालवायचं कसं, हे पंधरा दिवसांत शिकवायचं काम प्राचार्यांनी धनंजय सरांच्या गळ्यात घातलं. सर नवे होते, आणि नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही. सानगडीच्या आसपासच्या खेड्यांतून आलेली बेचाळीस मुलं समोर बसली. सरांनी एक उतारा वाचून दाखवला आणि त्यावर आपापलं मत लिहायला सांगितलं. बेचाळीस पेनं जागच्या जागी थांबली. मग पुढच्या बाकावरची दुर्गा अदबीने म्हणाली, "सर, सांगा ना मत. लिहून घेतो."

आठवडाभर हेच चाललं. सर जे बोलतील ते वहीत उतरायचं. सर खोकले असते तर तेही उतरलं असतं. शेवटी वैतागून सरांनी एक डाव टाकला. शुक्रवारी अगदी गंभीर चेहऱ्याने त्यांनी संदर्भासकट एक शुद्ध थाप मारली. स्वीडनच्या डॉक्टर उल्मान यांच्या संशोधनानुसार तलावाकाठी आवाज झाला की मासे धास्तावतात आणि त्यांचं वजन निम्म्याने घटतं. आता तरी कोणी हात वर करेल, कशावरून म्हणून विचारेल, अशी सरांना आशा होती. हात एकच वर आला, तोही दुर्गाचा. तिला डॉक्टरांचं पूर्ण नाव हवं होतं.

उद्या वर्गात आपण होऊनच भांडं फोडू, असं सरांनी ठरवलं. पण संध्याकाळीच विद्यापीठाचं फर्मान आलं आणि सर आठवडाभर पेपर तपासायला नागपूरला गेले. थाप मागे राहिली, बेचाळीस वह्यांत, तारीख घालून.

दुर्गाचे वडील धनीराम म्हणजे गावच्या मासेमार संस्थेचे अध्यक्ष. चाळीस वर्षं तलावात उभा राहिलेला माणूस असल्या थापेला एरवी भुलला नसता. पण यंदा त्यांच्या तलावातला रोहू पाव किलोच्या वर जायला तयार नव्हता, आणि चूक कोणाची यावरून संस्थेत कुरबुर सुरू होती. अशा वेळी पोरीच्या वहीत एक कारण सापडलं, ज्यात आपली चूक नाही आणि जे थेट स्वीडनहून आलेलं आहे. कोणता अध्यक्ष ते सोडेल?

सर परतले ते रविवारी, आणि तडक दुर्गाच्या गावी निघाले. तिच्या थोरल्या बहिणीचं, ममताचं लग्न होतं आणि दुर्गाने आग्रहाने बोलावलं होतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोटारसायकल चढते न चढते तोच धनीरामभाऊंनी दोन्ही हात आडवे केले.

"सर, गाडी बंद करा. ढकलत आणा," ते कुजबुजले. "माशायले तरास होते."

सरांना आपली थाप आठवली आणि त्यांनी गाडी बंद केली. गाडी ढकलता ढकलता ते बघत चालले. घाटावर बाया कपडे आपटत नव्हत्या, नुसत्या पिळत होत्या. देवळातल्या घंटेला फडकं बांधलं होतं. शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरं काढून घेतली होती, आणि त्यामुळे दोन शेळ्या हरवल्याही होत्या. दुर्गाच्या आईने, रेवताबाईने, कानाशी येऊन सांगितलं की हळदीची गाणी बायांनी ओठातल्या ओठात म्हटली. नवरीलाही ऐकू आली नाहीत. हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. सर मेल्याहून मेल्यासारखे झाले. आता दुर्गाला गाठून सगळं कबूल करायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तेवढ्यात पाळीच्या दुसऱ्या टोकाला वरात आली. नवरदेव भूपेश अड्याळचा, सोबत दीडशे माणसं आणि गाडीवर चढवलेला डीजे. गावात शिरायला पाळीशिवाय रस्ता नाही. धनीरामभाऊ धावत गेले आणि हात जोडून डीजे बंद करायची विनंती करू लागले. डीजे थांबला, पण नवरदेवाचे मामा तापले.

"आमी मयतीले आलो का?" ते म्हणाले. "वाजतगाजत जाऊ, नाही तं वापस जाऊ. सांगा काय ते."

भूपेश बिचारा फेट्याखाली घामाघूम होऊन एकदा मामाकडे, एकदा गावाकडे पाहत होता. मामांनी खरोखरच ड्रायव्हरला गाड्या वळवायला सांगितल्या. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, म्हणत सर गर्दीत घुसले आणि मोठ्याने म्हणाले की हे सगळं खोटं आहे, मुलं प्रश्न विचारतात का ते पाहायला आपणच ती थाप मारली होती. धनीरामभाऊंनी त्यांना आधी हळू बोलायला सांगितलं.

नव्या साडीतली दुर्गा पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"सर, हे कशावरून?"

"काय कशावरून?"

"तुमी तवा खरं बोलत होते का आता? तवा तं शास्त्रज्ञाचं नाव सांगतलं होतं. आता तं कोणाचंच नाव नाही सांगून राहिले."

"अगं, मी स्वतः सांगतोय ना."

"सर, ते काही कारण होत नाही."

ज्या प्रश्नासाठी सर आठवडाभर तरसले होते तो नेमका आत्ता, दीडशे वऱ्हाड्यांसमोर आला. तशाही अवस्थेत त्यांचा ऊर भरून आला. दुर्गा तोवर वडिलांकडे वळली.

"बाबा, रोडवरच्या तलावापाशी धानाची गिरणी हाये. दिवसभर धडधडते. तिथचा रोहू किती भरते?"

"दोन किलो," धनीरामभाऊ सवयीने बोलून गेले.

"मंग तिथचे मासे काहून नाही भेले?"

"तिथं माशायचं बीज कमी टाकतेत, बेटा."

"अन आपण यंदा किती टाकलं?"

पाळीवर आता खरी शांतता पसरली. संस्थेचे अकरा सभासद लग्नाचे पाहुणे म्हणून तिथेच उभे होते. गेल्या पावसाळ्यात दुप्पट बीज टाकायचा हट्ट कोणी धरला होता, हे एकेकाला आठवू लागलं. अकराही जण अध्यक्षांकडे पाहू लागले. एका तलावात दुप्पट मासे कोंबले तर सगळेच अर्धपोटी राहणार, हे कळायला स्वीडनला जावं लागत नाही. धनीरामभाऊंनी आभाळाकडे पाहिलं, मग तलावाकडे, आणि मग झटकन डीजेवाल्याकडे वळले.

"काहून बंद केला रे? वाजव. मोठ्यानं वाजव. कोणाचं काही आयकू नाही आलं पायजे."

डीजे असा काही सुरू झाला की घाटावरच्या बायाही कपडे सोडून नाचायला आल्या. सगळ्यांच्या पुढे रेवताबाई होती. हळदीची सगळी कसर तिने पाळीवरच भरून काढली. मामांचा राग निवळला, भूपेशने घाम पुसला, आणि ममताचं लग्न ठरल्या मुहूर्तापेक्षा जेमतेम अर्ध्या तासाने उशिरा लागलं.

पंगतीत सर खाली मान घालून जेवत होते. धनीरामभाऊ वाढायला आले आणि त्यांच्यासमोरच उकिडवे बसले. सरांनी पुन्हा एकदा माफी मागितली. भाऊंनी ती हातानेच उडवून लावली.

"आमची बारकी कामिनी दोन सालानं कालेजात येईन," ते म्हणाले. "तिलेही तुमच्याच वर्गात टाकतो. तुमी बिनधास्त शिकवा, सर. खरं का खोटं, ते आमी घरी दुर्गाले इचारून घेऊ."