दोन हेडं आणि एक गोटी

शनिवारी दुपारी दुसऱ्या हेडाचा शेवटचा बोल्ट आवळून झाला आणि चष्मेवाल्याच्या लक्षात आलं, की पान्यांच्या पेटीतली लहान गोटी जागेवर नाही.

चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थाला जुन्या गाडीचं इंजिन घरीच बांधायची हौस आली होती. कित्येक सुट्ट्या पोर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. इंजिनाची दोन्ही हेडं, म्हणजे सिलिंडरवरची जड झाकणं, वर्कशॉपमधून घासूनपुसून, नवे व्हॉल्व्ह बसवून परत आली, तेव्हा बायकोचा जीव भांड्यात पडला. ती गाण्याची शिक्षिका. सोमवारी तिला गावाबाहेरच्या नव्या शाळेत रुजू व्हायचं होतं आणि तिकडे बस जात नव्हती.

"झालं ना आवळून?" तिने विचारलं.

"झालं. पण गोटी आत पडली असेल तर?"

"कसली गोटी?"

"पान्याची. बोल्टच्या डोक्यावर बसते ती. मघाशी सिलिंडर उघडेच होते."

"पडताना पाहिलीस?"

"नाही. पण पडली नाही, हे तरी कुठे पाहिलंय?"

त्याने इंजिन हाताने फिरवून पाहिलं. लोण्यासारखं फिरलं. दुसरा कुणी असता तर चहा प्यायला बसला असता. याला वाटलं, गोटी आत आडवी झाली असेल, गाडी सुरू झाली की उभी राहील. तो तसाच काळ्या हातांनी घरात, त्यांच्याकडेच राहणाऱ्या आत्याकडे गेला.

"आत्या, माझी गोटी पाहिलीस?"

आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या वयात गोट्या खेळतोस? मी नाही पाहिली बाबा."

झालं! दोन्ही हेडं पुन्हा उतरली. आत गोटी नव्हती. पण हेडाखाली फट बुजवायला घालतात ते गॅस्केट एकदा दाबलं गेलं की पुन्हा वापरता येत नाही. तो धावत स्पेअर पार्टवाल्याकडे गेला.

"सकाळीच जोडी नेलीत ना?" दुकानदार म्हणाला.

"हो. बसवली."

"मग?"

"काढली."

दुकानदाराने आवाज खाली आणला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

रविवारी पुन्हा सगळं पहिल्यापासून. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, एका दमात नाही, थोडे थोडे करत आवळायचे. कुठला राहिला की काय या धास्तीने तो मागे जायचा, म्हणून बायको शेजारी बसून क्रम मोठ्याने म्हणत होती. संध्याकाळी सगळं जोडून झालं. हात धुऊन तो खिडकीशी वाऱ्याला उभा राहिला. पडद्याची दोरी उडाली आणि त्याच्या कपाळावर टणकन काहीतरी आपटलं.

"आत्या!"

"अरे, ते टोपण होय?" आत्या म्हणाली. "पोर्चमध्ये पडलं होतं. आरपार भोक, दोरी छान ओवली गेली. पडदा किती उडायचा! हिला गोटी म्हणतोस? मग टोपण म्हणून विचारायचं ना!"

सोमवारी सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. चौकात येईपर्यंत चष्मेवाल्याने काचा खाली केल्या. "टिकटिक येतेय."

"नाही येत."

"मुलांचा सूर केसभर ढळला तर तुला कळतो, आणि हे ऐकू येत नाही? जरा श्वास रोखून ऐक."

तिला नव्या शाळेची धाकधूक, याला टिकटिकीची. शाळेच्या फाटकाशी त्याने बॉनेट उघडायला हात घातला. वर पायऱ्यांवर मुख्याध्यापिका उभ्या होत्या. बायकोने पटकन बॉनेटला कान टेकवला, डोळे मिटले.

"हं. येतेय. डावीकडच्या हेडातून. अगदी बारीक."

त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकदम गेल्या. "बघ! मी म्हणत नव्हतो?"

"संध्याकाळपर्यंत चालेल का?"

"आरामात चालेल गं. शनिवारी उघडतो."

कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच तो सीटला पाठ टेकून बसला आणि गुणगुणत निघाला. ती फाटकाशी ऐकत उभी राहिली. इंजिन एका सुरात चाललं होतं. बेसूर होतं ते फक्त त्याचं गुणगुणणं.