नाना राऊतांचा विसरलेला नवस

नाना राऊतांनी कुठल्यातरी देवाला काहीतरी कबूल केलं होतं. कोणत्या देवाला आणि काय, एवढंच त्यांना आठवत नव्हतं. बाकी सगळं लख्ख आठवत होतं.

नाना आमचे अक्षीचे शेजारी. त्यांची नारळी-पोफळीची वाडी आणि माझं परसू यांच्यामध्ये एक मेंदीचं कुंपण. मी अलिबागच्या कोर्टात कारकून. दिवसभर शपथेवर खोटं बोलणारी माणसं पाहायची आणि संध्याकाळी कुंपणापलीकडे, दिलेला शब्द आठवेना म्हणून झुरणारा हा एक माणूस पाहायचा, असं माझं चाललं होतं.

मूळ भानगड विमानाची. नानांचा एकुलता एक मुलगा रघुनाथ नैरोबीला रेल्वेत होता. त्याने आईवडिलांना तिकडे बोलावून घेतलं. जाताना दोघं बोटीने गेली, तर नानींना बोट इतकी लागली की येताना मुलाने सरळ विमानात बसवून दिलं. अख्ख्या अक्षीत विमानात बसलेलं हे एकच जोडपं.

पुढची हकीकत नाना सांगत ती अशी. "मुंबई जवळ आली. विमान उतराय लागलं. खिडकीतनं आपली वाडी दिसली. रहाट दिसला. रहाटाला बैल दिसला." (बैलाचा रंग दरवेळी बदले.) "आणि वसंता, इमानानं एकदम नाक खाली घातलं. विहिरीत पोहरा सुटावा तसं! थर्मास, टोप्या, चपला, सगळं हवेत. पुढला गुजराती शेठ अंबेमातेला हाका मारतोय. मागं एक पाद्री बसला होता, तो छातीवर हात फिरवतोय. माझे ओठ हलत होते, तेवढं ठाऊक हाय. मग आपसूक इमान सरळ झालं, अन् जसं काय झालंच न्हाय तसं जाऊन उतरलं."

उतरल्यावर वैमानिक खाली आला. चोवीस-पंचवीस वर्षांचं पोरगं, सदरा घामाने चिंब. त्याने सांगितलं, सुकाणू अडकलं होतं. मी आणि माझा जोडीदार पाय रोवून ओढत होतो. मग एकाएकी मोकळं झालं. कशाने, ते ठाऊक नाही. पुढे कित्येक दिवस इंजिनियर लोकांनी ते विमान खोलून पाहिलं. त्यांना काही सापडलं नाही, असं पेपरात आलं.

नानांना मात्र सापडलं. अशा वेळी माणसाचे ओठ हलतात ते कशाला? नवस बोलायला. नवस बोलला म्हणून विमान सुटलं. आता तो फेडायला हवा. "कबुली ती कबुली," हे त्यांचं पालुपद तेव्हापासूनचं. पण भीतीने शब्द पार पुसून गेले होते, त्याला इलाज काय?

इलाज नानांनी काढला. सगळेच नवस फेडायचे. ते अनवाणी कनकेश्वरची चढण चढले आणि वर जाऊन म्हणाले, "देवा, तुझं असेल तर घे. नसेल तर ज्याचं असेल त्याला पोचतं कर." चौलचा दत्त झाला, पालीचा गणपती झाला, हरिहरेश्वर झाला. कोर्लईच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली, कारण न जाणो, मागच्या पाद्र्याचं ऐकून त्याच्या देवाला काही बोलून गेलो असलो तर! एका पिराला चादरही चढवली. प्रत्येक वेळी नानी नवं लुगडं नेसून, दशम्यांचं गाठोडं घेऊन बरोबर. परत येताना त्यांच्या हातात नव्या बांगड्या असत.

सोडासोडीचं प्रकरण वेगळंच. वांगं सोडलं, पावटा सोडला, तपकीर सोडली. एकदा चहा सोडला. तेव्हा ते इतके कातावले की त्यांनी पुन्हा चहा सुरू करावा म्हणून आळीतल्या लोकांनीच मारुतीला नारळ बोलला. आठवड्याभरात नाना कपबशी घेऊन कुंपणाशी आले. "चहा सोडायचं मी बोललोच नसणार," म्हणाले. "मी काय मला ओळखत न्हाय?"

गावदेवीला कौल लावून तर त्यांनी गुरवाला जेरीस आणलं. देवीला कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. नाना एकेक वस्तू विचारीत. लोटांगण का? डावी. चांदीची पावलं का? डावी. शेवटी गुरव हात जोडून म्हणाला, "नाना, देवीला बाकीच्या गावाचं बी बघायचं असतंय, व्हय का न्हाय?"

आम्ही हसायचो. खोटं कशाला बोलू, मी जास्तच हसायचो.

मग काही वर्षांनी माघात रघुनाथचं पत्र आलं. रजा मिळाली आहे, चैत्रात बायको आणि मुलीला घेऊन विमानाने येतो. मुलगी चार वर्षांची. नानांनी तिला फोटोतच पाहिलेली. मला वाटलं, आता पेढे येणार. आले ते नाना, आणि चेहरा उतरलेला.

"वसंता, तुझं इंग्रजी बरं हाय. एक तार लिहून दे. विमानानं येऊ नका. बोटीनं या."

आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो होतो. नानी पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत होत्या.

"नाना, बोटीने निघाले तर निम्मी रजा समुद्रातच जाईल. मग ते येणारच नाहीत."

"न येवोत. जिते तर ऱ्हातील!" नानांचा आवाज चिरकला. "माझा नवस फिटला न्हाय अजून. देव वसुलीला बसला तर कुणाकडनं करील? त्याच आभाळात माझीच पोरं बसलेली हायत, दिसायची न्हायत त्याला?"

इतकी वर्षं हा माणूस स्वतःपायी नव्हे, लेकापायी डोंगर चढत होता, हे मला तेव्हा कळलं आणि वाईट वाटलं.

"तुम्ही नवस बोललाच न्हाय," नानी म्हणाल्या. माळ विणणं चालूच होतं.

"तुला काय ठाऊक?"

"मी काय दुसऱ्या विमानात होते? देवाचं नाव घेतलंच न्हाय तुम्ही. माझं घेतलंत. सगुणा, सगुणा, सगुणा. इमान सरळ होईस्तवर."

आमच्याकडे नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं ते लग्नात, चारचौघींनी अडवल्यावर. त्यानंतर जन्मभर 'अगं' आणि 'ऐकलंस का'. नाना कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मी घाईघाईने एक कांदा उचलून निरखू लागलो.

"मग इतकी वर्सं बोलली न्हायस ती?"

"बोलले असते तर कनकेश्वर दाखवला असतात? हरेश्वर दाखवला असतात?"

"नैरोबी पाहिलीस की!"

"ती लेकानं दाखवली. तुम्ही अलिबागच्या पुढं कधी नेलं होतंत?" मग त्यांनी माळ खाली ठेवली. "मौज वाटत होती, गप ऱ्हायले. पण माझ्या नातीच्या आड आलं तर न्हाय गप ऱ्हायची."

नाना वाडीकडे वळले. "मग इमान उचललं कुणी?"

"इंजनेरांना कळलं न्हाय, ते तुम्हांला काय कळायचंय? पोरांना येऊ द्या."

तार गेली. 'वाट पाहतो' एवढीच.

चैत्रातल्या त्या सकाळी नाना-नानी किनाऱ्यावर आले. रघुनाथ मुंबईला उतरून दुपारच्या लाँचने रेवसला यायचा होता. पण नानांना घरात धीर निघेना. आळीतली पाचपन्नास माणसं मागोमाग आलीच. कोणतं विमान कोठून आलेलं, ते आम्हांला काय समजणार? त्यामुळे त्या सकाळी वरून जी जी विमानं गेली, त्या प्रत्येकात रघू होता.

पहिल्याची घरघर ऐकू आली तसे नाना पाठ फिरवून वाळूत मटकन बसले. वर बघायचं धैर्य नव्हतं. त्यांनी नानींचा हात धरला. भर उजेडी, सगळ्या गावादेखत. आयाबायांनी पदर तोंडाला लावले. पुरुष माणसं एकदम समुद्रावरची गलबतं मोजू लागली.

"आलं?" नाना डोळे मिटून विचारत.

"आलं. खाली चाललंय."

"नाक?"

"सरळ हाय."

"आता?"

"सरळच हाय. खांदेरीच्या बेटावरनं गेलं. आता बारीक दिसतंय. गेलं."

दुसऱ्यालाही असंच झालं. तिसऱ्यालाही. नंतर आभाळ रिकामंच राहिलं, ऊन चढलं, माणसं पांगली. मी म्हणालो, "नाना, उठा आता. रेवसला जायचं ना? अलिबागपर्यंत बैलगाडी जुंपून ठेवली आहे, पुढे एस.टी. मिळेल."

"जाऊ की," नाना म्हणाले, "अजून एखादं यायचं असलं तर?"

नव्या लुगड्यानिशी नानी ओल्या वाळूत त्यांच्याशेजारी बसल्या आणि कपाळाला हात लावून आभाळाकडे बघू लागल्या.