गैरहजर संघाची हजेरी

अल-बर्द आइस हॉकी क्लबाचा पहिला व्यावसायिक सीझन नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी ठरल्या वेळी सुरू झाला. बर्फ तयार होता, खेळाडू तयार होते, पंच शिट्टी तोंडात धरून उभे होते. उणीव एकच होती. समोरचा संघ नव्हता.

क्लबाची जागा म्हणजे कुवेतच्या शुवैख भागातलं कोंबडीचं कोल्ड स्टोरेज. कोंबडीच्या धंद्यात राम उरला नाही तेव्हा कंपनीने सल्लागार नेमले, आणि सल्लागारांनी पुष्कळ विचार करून सांगितलं की थंडी तुमच्याकडे आहेच, तिच्यावर खेळ घाला. थंड देशांतून पगारी खेळाडू आणले. लीगही कंपनीनेच काढली. बाकीच्या संघांनी लोगो केले, टोप्या वाटल्या, पण बर्फ कोणाचाच जमेना. एकाच्या गोदामात तर अजून बटाटे होते.

देवगडचा रूपेश हा या गोदामाबरोबर क्लबाला आंदण आलेला माणूस. पूर्वी तो कोंबड्या गार ठेवायचा, आता बर्फ गार ठेवायचा; त्याच्या दृष्टीने फरक एवढाच होता की कोंबड्या पडल्या की उठत नसत. त्याला हॉकीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला वैशाखात लग्न करायचं होतं. कणकवलीची विनिता, एका हाउसिंग सोसायटीच्या ऑफिसात कामाला, जिचं लग्न त्याच्यापायी दोनदा पुढे गेलं होतं: एकदा व्हिसाने आणि एकदा कॉम्प्रेसरने.

"तिसऱ्या येळाक पुढे जावचा नाय," तिने फोनवर सांगितलं होतं. "मांडव पडतलो, माणसा जेवतली. तू येतलस की नाय, तां तू बघ."

कंपनीचं उत्तरही तितकंच स्वच्छ होतं. सीझन संपला की इजाजा. इजाजा म्हणजे सुट्टी. गल्फमध्ये नवीन आलेला माणूस हा शब्द पाण्याच्या आधी शिकतो.

तर पहिला सामना. समोरचा संघ नाही म्हणजे वॉकओव्हर, एवढं सगळ्यांना कळत होतं. पण लीगची नियमावली क्लबाचे मॅनेजर रफीकभाई यांनी लिहिली होती. रफीकभाई मूळचे रत्नागिरीकडचे, आणि कुवेतला येण्याआधी गावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचे सेक्रेटरी. त्या स्पर्धेत एकदा एका टीमला बाद केल्यावर, आम्ही आलो होतो, फणसाच्या झाडामागे वडापाव खात होतो, असा दावा करून तिने भर मैदानात मारामारी केली होती. तेव्हा रफीकभाईंनी जो नियम घातला तो तसाच उचलून बर्फावर आणला: गैरहजर संघाच्या कॅप्टनने समक्ष येऊन आपल्या गैरहजेरीवर सही करावी.

"पण ते आलेच नाहीत, तर सही करायला कसे येणार?" पंचांनी विचारलं.

"आले असते तर सहीची गरजच काय होती?" रफीकभाई म्हणाले.

पंचांनी शिट्टी तोंडातून काढली. रफीकभाईंची नजर फिरत फिरत पाना घेऊन उभ्या असलेल्या रूपेशवर थांबली. "रूपेश, इकडे ये बाबा. तू कॅप्टन. इथे सही ठोक."

रूपेशने ग्रीसचे हात पँटला पुसले आणि सही ठोकली. अल-बर्द जिंकला. पुढच्या शुक्रवारीही जिंकला. दर सामन्याला नवीन नाव लिहायचा कंटाळा येऊन रफीकभाईंनी फलकावर सरसकट 'गैरहजर संघ' असं रंगवून टाकलं.

जानेवारीत रूपेश आपली सुट्टी किती साठली ते बघायला ऑफिसात गेला. हजेरीचं काम असमाकडे होतं. कुवेतमध्येच जन्मलेली, मराठी समजायची सगळी, बोलायची जपून.

"रूपेशभाई, तुमची लीव्ह संपली. एव्हरी फ्रायडे अ‍ॅब्सेंट."

"अगो, शुक्रवारी तर मी सकाळपासून बर्फावर असतो!"

"बट यू साइन्ड. 'आम्ही गैरहजर आहोत.' कॅप्टन म्हणून."

"मी आत्ता कुठे आहे?"

असमाने त्याच्याकडे नीट बघितलं. "मला दिसताय. सिस्टिमला नाही दिसत."

रूपेश तडक रफीकभाईंकडे गेला. म्हणाला, असं असेल तर मी संघच उभा करतो. जलीबला आम्ही राहतो त्या खोलीत वेल्डर आहे, शिंपी आहे, दोन आचारी आहेत. येऊ, पडू, हरू. पण हजर राहू.

रफीकभाईंचा चेहरा पडला. "वेडा काय रे तू? गैरहजर संघ हजर झाला तर मागचे सगळे वॉकओव्हर रद्द. सगळे सामने परत. सीझन जाईल ऑगस्टात. लग्न कधी तुझं?"

"वैशाखात."

"मग खबरदार आलास तर," रफीकभाई मायेने म्हणाले.

अशा रीतीने रूपेशची पंचाईत झाली. हजर राहावं तर सीझन संपत नाही, गैरहजर राहावं तर सुट्टी संपते. त्याने सीझन संपवायचं ठरवलं आणि दर शुक्रवारी डोळे मिटून सही करू लागला.

इकडे प्रेक्षक वाढत होते. जलीबच्या खोल्यांतून एका खोलीत दहा-दहा जण राहतात. फुकटात पाय पसरून बसायला मिळतं म्हणताच बसगाड्या भरून माणसं आली. बघायला काही नसल्यामुळे भांडण नव्हतं. हळूहळू लोकांना गैरहजर संघ आवडायला लागला. हा संघ धक्काबुक्की करत नव्हता, पंचांशी हुज्जत घालत नव्हता, आणि हरला तरी तोंड वाकडं करत नव्हता. रूपेशच्या खोलीतला मुबीन शिंपी एका शुक्रवारी बाकावर चढला आणि ओरडला, "आलाच नाय रे, आलाच नाय!" सगळ्या स्टेडियमने ते उचललं. मुबीनने कोऱ्या जर्सी शिवून विकल्या. पाठीवर ना नाव, ना नंबर. पार लांबच्या जहऱ्याहून माणसं त्या घ्यायला येऊ लागली.

अल-बर्दच्या खेळाडूंचं मात्र चित्त उडालं. जिंकून जिंकून ते जाड झाले. बिर्याणीमुळे स्केटचे पट्टे बसेनात. बर्फावर यायचं, शिट्टी ऐकायची, विजयी म्हणून हात वर करायचे आणि प्रेक्षकांच्या शिव्या खाऊन घरी जायचं, याला ते विटले. आणि फायनलच्या दिवशी, एवीतेवी वॉकओव्हरच आहे, असं म्हणून सगळाच्या सगळा संघ वाळवंटात तंबू ठोकून मटण भाजायला निघून गेला.

स्टेडियम खच्चून भरलेलं. बर्फ आरशासारखा. दोन्ही बाजू रिकाम्या. पंचांनी रफीकभाईंकडे बघितलं, रफीकभाईंनी नियमावलीकडे.

"दोन्ही संघ गैरहजर," पंच म्हणाले.

"चूक," रफीकभाई गंभीरपणे म्हणाले. "गैरहजर संघाची गैरहजेरी रीतसर आहे, सही आहे. अल-बर्दच्या गैरहजेरीवर कोणाचीच सही नाही. बेकायदेशीर गैरहजेरी. संघ बाद."

गैरहजर संघ लीगचा विजेता ठरला. लोकांनी पाना हातात असलेल्या रूपेशला खांद्यावर घेतलं, "आलाच नाय रे" म्हणत त्याला बर्फावरून नाचवलं, आपटलं आणि पुन्हा उचललं. रूपेश रडत होता. लोकांना वाटलं कपासाठी. तो सीझन संपला म्हणून रडत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी मागितली.

"शिल्लक वजामध्ये आहे तुझी," रफीकभाई खेदाने म्हणाले. "म्हणजे हिशेबाने तू अजून कामावर यायचाच आहेस. आधी येऊन घे, मग जा."

रूपेशने विनिताला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बरा," विनिता म्हणाली. "मी नोटीस काढतंय."

नोटीस संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. वर ठरल्या वेळी उपस्थित नसल्यास विवाह गणपूर्तीअभावी तहकूब करण्यात येईल, आणि तोच विवाह अर्ध्या तासाने त्याच मांडवात पार पडेल. त्यास या वराच्या उपस्थितीची अट राहणार नाही. कळावे.

रूपेश आधी हसला. मग 'या वराच्या' हे शब्द त्याने पुन्हा वाचले आणि धावत सुटला.

रफीकभाईंनी नोटीस वाचली. माणसाच्या अश्रूंनी ते कधी विरघळले नव्हते, पण नियमापुढे त्यांची मान आपोआप झुकायची. "अर्ध्या तासाने त्याच मांडवात," ते पुटपुटले. "वा! या पोरीला लीगमध्ये घ्यायला हवं होतं." मग त्यांनी स्वतःची नियमावली उघडली, बोटाने ओळी लावल्या आणि एकदम कडाडले, "तू इथे काय करतोस? गैरहजर संघाचा चॅम्पियन कॅप्टन तू, आणि ऑफिसात राजरोस हजर? हा शिस्तभंग आहे! महिनाभर तोंड दाखवायचं नाही. असमा, लिही: गैरहजेरीच्या ड्यूटीवर."

असमाने टाइप केलं. सिस्टिमला आनंद झाला.

लग्न शुक्रवारी होतं. विमान उशिरा सुटलं, गाडी घाटात अडकली. रूपेश मांडवात पोचला तेव्हा लग्न तहकूब होऊन अर्धा तास व्हायचा होता. विनिता हार धरून घड्याळाकडे बघत उभी होती आणि कडेला तिच्या सोसायटीचा चेअरमन, नवा कोरा फेटा बांधून, सहज म्हणून उभा होता.

"इलस?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आवाज नाही. "आधी हजेरीवर सही कर."

रूपेशने सही केली. त्याच घटकेला शुवैखमधल्या सिस्टिममध्ये, सीझन सुरू झाल्यापासूनच्या शुक्रवारांत पहिल्यांदाच, त्याच्या नावापुढे 'हजर' उमटलं.

यावर वाचकांनी खुशाल हसावं. मात्र आपल्या सोसायटीच्या मागच्या सभेत पाण्याच्या टाकीचा ठराव 'सर्वानुमते' मंजूर झाला, त्या सर्वांत आपण होतात. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली तेव्हा आपण घरी होतात. अर्ध्या तासाने ती त्याच ठिकाणी भरली तेव्हाही घरीच होतात. आणि वॉचमन वही घेऊन वर आला तेव्हा दार अर्धवट उघडून आपण सही केलीत. रफीकभाई पुढच्या सीझनसाठी खेळाडू शोधत होते. आपली निवड झालेली आहे. खेळायला यायचं नाही. सहीला तेवढे या.