दालातच्या लेट्यूसचे शास्त्रशुद्ध हाल

सुखाने बिघाड होतो आणि हालांनी सत्त्व वाढते, हे तत्त्व जगातल्या सर्व थोर लोकांना मान्य आहे. अट एवढीच, की हाल दुसऱ्याचे असावेत. व्हिएतनाममधल्या दालात गावच्या भाजी-सत्त्व संवर्धन केंद्राने हे तत्त्व लेट्यूसला लावले, यात केंद्राला दोष देता येणार नाही. हाताशी दुसरे कोणी नव्हते.

झाले ते असे. केंद्राने परिसरातल्या पॉलिहाऊसमधले लेट्यूस तपासायला घेतले. पाने कोवळी, लुसलुशीत, दृष्ट लागावी अशी. पण अँटीऑक्सिडंटच्या नावाने शंख. नमुना कमी पडला म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख त्रामबाईंनी बसथांब्यामागच्या उकिरड्यावर आपोआप उगवलेला एक गड्डाही उपटून आणला. तो उन्हाने लाल पडलेला, तहानेने सुकलेला आणि थंडीने आखडलेला होता. (कुत्रीही त्याच्यावर आपापला अभिप्राय नोंदवून गेली होती.) त्याच्यात अँटीऑक्सिडंट चौपट निघाली.

त्रामबाईंचे म्हणणे साधे होते. पॉलिहाऊसच्या छतातून अतिनील किरण आत येत नाहीत, ठिबकने पाणी थेट मुळाशी मिळते, रात्री ऊबही असते. झाडाला कशाशी झगडावेच लागत नसेल, तर ते अँटीऑक्सिडंट बनवील कशाला? त्याला थोडे ऊन, थोडी थंडी, थोडी तहान द्यावी.

संचालक क्वेनसाहेबांनी यातला 'थोडे' हा शब्द तिन्ही ठिकाणी गाळला आणि उरलेला अहवाल एकमताने मंजूर केला. केंद्रात 'हाल विभाग' स्थापन झाला. त्याचे प्रमुखपद उपसंचालक न्गिएमकडे आले, कारण न्गिएम या शब्दाचा अर्थ 'कडक'. माणूस मात्र असा, की घरात झुरळ दिसले तर त्याला दार उघडून द्यायचा. पण नाही म्हणायची सोय नव्हती. विभाग फसला असता, तर केंद्र मत्स्य खात्यात विलीन होऊन सगळ्यांची बदली समुद्रकिनाऱ्यावर होणार होती, आणि न्गिएमच्या अंगावर मासळीच्या नुसत्या वासाने गांधी उठत.

प्रयोगासाठी जागा हवी होती. न्गिएमच्या सासूबाई हुए यांचे पॉलिहाऊस घराच्या मागेच होते. गावातल्या बान्ह सेओच्या गाड्यांना त्या वर्षानुवर्षे लेट्यूस देत. तांदळाचे कुरकुरीत धिरडे पानात गुंडाळायचे, चटणीत बुडवायचे आणि तोंडात टाकायचे. पान न चिरता दुमडावे, एवढीच त्या शहराची लेट्यूसकडून अपेक्षा होती.

"आई, एकच भाग द्या. सरकारी काम आहे."

"बाळा, लेकराला उपाशी ठेवून कधी बाळसं धरतं का?"

"बाळसं नाही, सत्त्व धरतं. शास्त्र आहे ते."

"मग तू कसा रे एवढा गुटगुटीत? माझी पोर शास्त्र शिकली नाही वाटतं."

परवानगी मिळाली. न्गिएमने ठिबक निम्म्यावर आणले, रात्रीची ऊब बंद केली, अतिनील दिवे टांगले आणि पाण्यात चिमूटभर मीठ टाकले. पहिल्या दिवशी तो वाफ्याशी बराच वेळ उभा राहिला आणि आजूबाजूला कोणी नाही असे पाहून म्हणाला, "माफ करा हं." लेट्यूसने उत्तर दिले नाही. (त्याला बोलण्याइतकी ओल उरली नव्हती.)

पण पाने लाल होऊ लागली. अँटीऑक्सिडंट दुप्पट झाली. त्रामबाई म्हणाल्या, "बस, इथंच थांबा. पानही खाण्यासारखं आहे." क्वेनसाहेब म्हणाले, "थांबला तो संपला." आणि त्यांनी शारीरिक हालांवर न थांबता मानसिक हालांचा टप्पा जाहीर केला. त्यात पुढील उपाय होते: वाफ्यावर दिवसभर ध्वनिक्षेपकावरून नगरपालिकेच्या सूचना लावणे, गड्ड्यांची उंचीनुसार गुणवत्ता यादी लावणे, आणि शेजारच्या वाफ्यातल्या कोबीचे कौतुक मोठ्याने करणे. हा शेवटचा उपाय मुलांवर पूर्वीच यशस्वी ठरलेला असल्याने त्याची वेगळी चाचणी घेतली नाही.

न्गिएमला कोबीचे कौतुक जमेना. तो "छान आहे हो कोबी" म्हणायचा आणि लगेच लेट्यूसकडे वळून "तुम्हीही छान" अशी पुस्ती जोडायचा. आकडे घसरले. तेव्हा हुएबाई बादली घेऊन तिथून चालल्या होत्या. जाता जाता त्या पहिल्या रांगेला म्हणाल्या, "काय गं, खाऊनपिऊन एवढीशीच वाढलीस? तुझ्या वयाचे गड्डे बाजारात जाऊन आले." दुसऱ्या रांगेला म्हणाल्या, "तू आपला पडून राहा. जावई झालास म्हण ना."

त्या दोन रांगांचे सत्त्व अडतीस टक्क्यांनी वाढले.

वाढ त्या आठवड्याच्या कडाक्याच्या थंडीने झाली, असे त्रामबाईंनी लेखी कळवले. कागद दप्तरी दाखल झाला आणि हुएबाईंची 'मानद टोमणे सल्लागार' म्हणून नेमणूक झाली. सरकारी ओळखपत्र गळ्यात अडकवून त्या रोज सकाळी फेरी मारू लागल्या. जे काम त्या घरात इतकी वर्षे फुकट करत होत्या, त्याला शास्त्राने प्रथमच मान्यता दिली होती.

इथे क्वेनसाहेबांना एक साधा तार्किक प्रश्न पडला. दोन टोमण्यांनी पान अडतीस टक्के सुधारते, तर सतरा वर्षे त्याच घरात राहिलेल्या जावयाचे काय? न्गिएमचे रक्त तपासले. अँटीऑक्सिडंटचे प्रमाण सबंध केंद्रात सर्वाधिक निघाले. (तो घरी रोज लिटरभर हिरवा चहा पितो, ही त्रामबाईंची टीप जागेअभावी गाळली.) क्वेनसाहेबांनी त्याला भरसभेत उभे केले.

"बघा, याला म्हणतात सत्त्वशील कर्मचारी! न्गिएमभाऊ, एवढं सहन केलंत, बोलला नाहीत कधी!"

न्गिएमला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या. त्याचे डोळे भरून आले. ते आनंदाने की आठवणींनी, हे त्याचे त्यालाच सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवसापासून कर्मचाऱ्यांचे सत्त्व वाढवण्याची योजना लागू झाली. खुर्च्या काढल्या, पंखे काढले, दुपारची वामकुक्षी बंद झाली. संचालकांच्या दालनात मात्र खुर्ची राहिली, कारण प्रत्येक प्रयोगात तुलनेसाठी एक नमुना सुखात ठेवावा लागतो. लोक वाळले, लालबुंद झाले, एकमेकांवर खेकसू लागले. रंगावरून योजना यशस्वी ठरली.

मग प्रांतिक समितीसमोर चवीचा समारंभ झाला. गरमागरम बान्ह सेओ आली आणि शेजारी न्गिएमच्या लेट्यूसची ताटे. पाने गर्द जांभळी, दिमाखदार, कौलासारखी. अध्यक्षांनी धिरडे पानावर ठेवले आणि पान दुमडायला घेतले. पान दुमडले नाही. त्यांनी जोर लावला. कट्कन आवाज झाला आणि धिरड्यातली कोळंबी थेट क्वेनसाहेबांच्या टायवर बसली. एका सदस्याने नुसतेच पान चावून पाहिले. त्याचा चेहरा असा झाला, की न्गिएमला वाटले, आता आपण किनाऱ्यावर गेलोच. मानही खाजायला लागली.

"कडू आहे," सदस्य म्हणाला.

क्वेनसाहेब टाय झटकत उठले.

"साहेब, हाच आमचा खरा विजय. आजवर माणसं पान खायची आणि सत्त्व संपायचं. आमच्या पानाला कुणी तोंडच लावत नाही. सत्त्वाची नासाडी शून्य!"

समितीने क्षणभर विचार केला आणि टाळ्या वाजवल्या. नंतर सगळ्यांनी हुएबाईंच्या मागच्या वाफ्यातल्या, लाडात वाढलेल्या पानांत गुंडाळून तीन-तीन बान्ह सेओ हाणली.

त्या संध्याकाळी हुएबाईंनी न्गिएमच्या ताटात आपल्या हाताने कोवळे पान ठेवले आणि म्हणाल्या, "खा रे बाळा. वाळलास किती." सतरा वर्षांत हे वाक्य शेपटीत टोमण्याशिवाय कधी आले नव्हते. न्गिएमने वाट पाहिली. टोमणा आला नाही. त्याने पान खाल्ले आणि त्याला रडू कोसळले. आपले आकडे उतरणार, हे त्याला कळत होते, तरी त्याने दुसरे पान मागितले.

लेट्यूस पारदर्शक डब्यांत भरून सायगाव महानगराला रवाना झाले. डब्यावर ठळक छापले होते: 'अतिशय हालात वाढवलेले'. सायगावकर तुटून पडले. मागणी तिप्पट झाली, आणि एकही तक्रार आली नाही. हे क्वेनसाहेबांनाही संशयास्पद वाटले. इतके कडू पान लोक खातात तरी कसे, हे पाहायला त्यांनी न्गिएमला सायगावला पाठवले.

न्गिएम घरोघर फिरला. सगळीकडे त्याचे हसून स्वागत झाले, आरोग्याविषयी उत्तम विचार ऐकायला मिळाले, तळलेले समोसे खायला मिळाले. लेट्यूस त्याला प्रत्येक घरात एकाच ठिकाणी सापडले: फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, उरलेल्या केकखाली, डबा न फोडलेला. वर कडाक्याची थंडी, भोवती अंधार, पाण्याचा थेंब नाही, हवा नाही, आणि रोज कुणीतरी दार उघडून "उद्यापासून नक्की" असे वचन देऊन बिअर काढून घेत होते. मीठ, दिवे आणि सासूबाई एकत्र लावूनही केंद्राला असे हाल साधले नव्हते. न्गिएमने एका घरात तो डबा उघडला, आतला काळा चिखल पाहिला आणि सवयीने म्हणाला, "माफ करा हं."

त्याचा अहवाल वाचून क्वेनसाहेबांनी अशा सर्व फ्रीजना हाल विभागाची मानद उपकेंद्रे म्हणून मान्यता दिली आहे. मान्यतेसाठी अर्ज करावा लागत नाही आणि तिला सरहद्दीचेही बंधन नाही. तेव्हा, वाचक हो, हे वाचताना तुम्हाला ज्या कप्प्याची आठवण झाली, तो उघडू नये. काम चालू आहे.