कुलूपकाका आणि शेवटच्या नंबरचं शहर

कुलूपकाकांनी पेपरातली ती यादी कापून दुकानाच्या काचेवर लावायचं ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. यादी होती सुरक्षित शहरांची, गुन्ह्यांच्या आकड्यांवरून लावलेली. आणि त्यात आपलं शहर पहिलं! काकांची छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण त्यांनी आपणहूनच काढून ठेवलं. यादीखाली त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘या यशात आमच्या कुलुपांचा सिंहाचा वाटा.’

“खारीचा लिहा,” काकू म्हणाल्या. “लोक हसतील.”

“हसू देत. सुरक्षित शहरातले लोक हसतातच!”

(दुकानाच्या दारावर वडिलांच्या काळापासून भोपळ्याएवढं एक पितळी कुलूप टांगलेलं असायचं. ते सध्या जागेवर नव्हतं. कुणी विचारलं की काका घाईघाईनं म्हणायचे, “पॉलिशला दिलंय.” हे पॉलिश बरेच महिने चाललं होतं.)

त्याच दिवशी लेक धापा टाकत दुकानात शिरली. नोकरी लागली होती! मोठ्या इस्पितळात, तिथली यंत्रं दुरुस्त करायची. काकांना आभाळ ठेंगणं झालं. का नाही होणार? पोर लहानपणी केसातल्या पिनेनं दुकानातलं वाट्टेल ते कुलूप उघडायची. काका गिऱ्हाइकांना सांगायचे, “माझं कुलूप उघडणारं जगात एकच माणूस आहे आणि ते माझ्याच घरी जेवतं.”

“इस्पितळ कुठल्या गावाला?” काकांनी विचारलं.

लेकीनं शहराचं नाव सांगितलं. काकांचं बोट काचेवरच्या यादीवरून खाली निघालं. उतरलं, उतरलं, पार तळाला गेलं. त्या शहराच्या खाली फक्त केसांच्या तेलाची जाहिरात होती.

“शेवटचा नंबर! जमणार नाही.”

“बाबा, असं यादीवरून शहर कळतं का?”

“मग कशावरून कळतं? परीक्षेत मार्कांवरूनच कळतं ना?”

“पेपर कोण तपासतं तेही बघावं लागतं,” लेक म्हणाली. या नोकरीसाठी तिनं जिवाचं रान केलं होतं, हे काकांना ठाऊक होतं. पण काळजी ही अशी चीज आहे की तिच्यापुढे बापाचं डोकं चालत नाही, फक्त तोंड चालतं.

शेवटी काकू मध्ये पडल्या. “आधी दोघं जाऊन बघून तर या.”

“बघतो,” काका गरजले. “पण एक जरी संशयास्पद माणूस दिसला, तर आल्या पावली परत!”

 बाप शब्दाचा पक्का होता आणि लेकीला भीती नेमकी त्याचीच होती.

काकांनी तयारी मात्र लढाईवर निघाल्यासारखी केली. बॅगेत निवडक कुलुपं, साखळी, तेलाची कुपी, अडकलेली कुलुपं सोडवायच्या वाकड्या तारा आणि हातभर लांब किल्ल्यांचा जुडगा. बॅगेलाही कुलूप. गाडीत ते बॅगेला मिठी मारून असे बसले की समोरच्या बाईंनी आपली पर्स काढून पोटाशी धरली.

खोली एका शांत गल्लीत होती. लेक घरमालकीण आजींशी बोलायला वर गेली. काका बॅग घेऊन खाली थांबले.

आता शिंप्याची नजर जशी दुसऱ्याच्या शिलाईवर जाते, तसा काकांचा हात दुसऱ्याच्या कुलपावर जातो. दिसलं कुलूप की ओढून बघायचं, हलवून बघायचं, कान लावून आतला आवाज ऐकायचा. आपल्या गावात याचं कुणाला काही वाटत नसे. काकांनी कुलूप ओढलं तर लोकांना उलट बरंच वाटायचं. पण हे गाव वेगळं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या दाराचं कुलूप त्यांनी ओढलं. “हलकं!” दुसऱ्या दाराशी वाकून किल्लीच्या भोकाला डोळा लावला. तिसऱ्याशी मात्र त्यांना राहवलं नाही. ते मोठ्यानं म्हणाले, “अरेरे, हे तर फुंकरीनं उघडेल!”

वर खिडक्या उघडल्या. कपडे वाळत घालणाऱ्या एक बाई वाकल्या. “कोण पाहिजे हो?”

“कुणी नको. घरात कुणी नाही वाटतं?”

“का?”

“नाही, मग जरा निवांत बघता येईल,” काका अगदी प्रेमानं म्हणाले.

पोलिसांची गाडी किती लवकर यावी! काकांचं पाचवं कुलूप ओढून व्हायच्या आत हवालदार समोर उभा.

“बॅग उघडा.”

काकांनी अभिमानानं उघडली. हवालदार वाकड्या तारांकडे बघतच राहिला.

“हे काय आहे?”

“माल!”

“कुणाचा?”

“माझाच. जन्मभर हेच करत आलोय. वडीलही हेच करायचे.”

“आणि कधीच पकडला गेला नाहीत?” हवालदारानं विचारलं. त्याच्या आवाजात थोडा आदरही होता.

लेक धावत चौकीत पोचली तेव्हा काका बाकावर बसून चौकीच्या कपाटाचं कुलूप दुरूनच जोखत होते. तिनं फौजदार बाईंना सगळं समजावून सांगितलं. दुकानाचा फोटो दाखवला, नोकरीचं पत्र दाखवलं. बाई आधी ओठ दाबून हसल्या आणि मग मोकळेपणी हसल्या.

“मिटलं ना?” काका उठले. “मग नोंदबिंद नका करू.”

“नोंद झाली, काका. तुम्ही निर्दोष आहात तेही लिहिते. पण तक्रार आली की आम्ही ती लिहितोच. सायकलची घंटा गेली तरी लिहितो.”

“म्हणूनच तुमचा नंबर शेवटचा! आमच्याकडे बघा, पहिला!”

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “पितळी कुलूप पॉलिशहून आलं का हो?”

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. लेकीनंच मग बाईंना सांगून टाकलं. ते कुलूप भर दुपारी दारावरून चोरीला गेलं होतं. काका आपल्या गावच्या चौकीत तक्रार द्यायला गेले, तर तिथला हवालदार म्हणाला, “काका, नोंद करून शहराचं नाव कशाला घालवता? आणि कुलूपवाल्याचंच कुलूप गेलं म्हटल्यावर तुमचा धंदा काय राहील?” काकांना ते पटलं. शहराची सेवा केल्याच्या समाधानात ते तसेच घरी आले होते.

फौजदार बाईंनी मान डोलावली. “म्हणजे तुमच्या शहराच्या पहिल्या नंबरात तुमचा खरोखर सिंहाचा वाटा आहे की!”

काकांनी बॅगेला कुलूप लावलं. परत गल्लीत येईपर्यंत वाटेतल्या एकाही कुलपाला त्यांनी हात लावला नाही. (काकांच्या आयुष्यातला हा विक्रमच.)

दारात घरमालकीण आजी चहा घेऊन उभ्या होत्या. “फोन मीच केला हो, तुमची लेक आत खोली बघत होती तेव्हा. राग मानू नका.”

“राग?” काकांनी दोन्ही हातांनी कप घेतला. “अहो आजी, आमच्या गल्लीत भोपळ्याएवढं कुलूप भरदिवसा गेलं, एका माणसानं मान वर केली नाही. इथे मी नुसता हात लावला, तर अख्खी गल्ली खिडकीत! माझी लेक इथेच राहणार. अन् असली-तसली नाही हं माझी लेक, अख्खं इस्पितळ चालवणार आहे ती!”

“यंत्रं दुरुस्त करणार आहे, बाबा.”

“तेच ते.”

मग त्यांनी खोलीच्या दाराला आपल्या हातानं दुकानातलं सर्वांत भारी कुलूप लावलं आणि सवयीनं ओढून बघितलं. लगेच समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. काकांनी तिन्हींकडे बघून नमस्कार केला. छाती पुन्हा फुगली होती.

एवढ्यात काकूंचा फोन आला. लेकीनं उचलला.

“काय गं, कसं आहे शहर? त्यांची ती अट... दिसलं का कुणी संशयास्पद?”

“दिसला ना, आई. एकच दिसला,” लेक म्हणाली. “पोलिसांत नोंदसुद्धा झालीये. अटीप्रमाणे त्याला उद्याच्या गाडीनं आल्या पावली परत पाठवतेय. तू स्टेशनवर उतरवून घे.”